कुठलं काळीज

"एक बोट ठेवून दाखवा, काका. नेमकं कुठं जळतं?"

शाद्लींनी बोट ठेवलं. दोन्हीकडच्या बरगड्या जिथे मिळतात त्याच्या जरा खाली ते टेकवलं आणि तिथून सरळ वर, गळ्याच्या खळगीपर्यंत ओढत नेलं. डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या मुलीपेक्षाही लहान होती. तिने मान हलवली आणि लिहायला घेतलं. लिहिता लिहिता, समोरच्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलावं तशी ती बोलली, "अशी रेघ ओढलीत ना, की मी निर्धास्त होते. पित्ताची माणसं बहुतेक रेघ ओढतात. हृदयाची माणसं बोट नाही दाखवत. ती असं करतात." आणि पेन टेबलावर ठेवून तिने उजव्या हाताची मूठ वळली व छातीच्या मधोमध दाबून धरली. "नियम नाही हं हा. पण मूठ दिसली की मी आधी कार्डिओग्राम काढायला लावते, पोटाचं मग विचारते."

शाद्ली त्या मुठीकडे बघत राहिले. सात वर्षांपूर्वी, याच ट्यूनिस शहरात, दुसऱ्या एका दवाखान्यात, दुसऱ्या एका डॉक्टरसमोर त्यांच्या बायकोने, दलेंदाने, अशीच मूठ वळली होती. शाद्लींचं बोलून झाल्यावर ती तिने उघडली आणि हात मांडीवर ठेवून दिला. एवढंच त्यांना दिसलं. पुढे डॉक्टरीणबाई पुष्कळ बोलली. गोळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी, चावायची नाही, कॉफी कमी करा, हरीसाची चटणी महिनाभर विसरा, पलंगाच्या डोक्याकडे विटा लावा. शाद्ली हो हो म्हणत गेले, आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. तिने चिठ्ठी पुढे केली तेव्हा त्यांनी ती सवयीने वरून खालपर्यंत वाचली. गोळीचं नाव वाचलं. दलेंदाला दिली होती तीच. मात्राही तीच, दिवसाला एक.

"काही विचारायचंय का, काका?"

"नाही," शाद्ली म्हणाले. "सगळं स्पष्ट आहे."

अडतीस वर्षं त्यांनी हेच वाक्य लोकांना ऐकवलं होतं. शाद्ली शपथबद्ध भाषांतरकार होते. न्यायालयाच्या मागच्या गल्लीत त्यांची एका खिडकीची खोली होती आणि दारावर पितळी पाटी. अरबीतून फ्रेंच, फ्रेंचमधून अरबी. जन्माचे दाखले, निकाहाचे कागद, घटस्फोटाचे निवाडे, मार्सेयला मेलेल्या भावाचं मृत्युपत्र. प्रत्येक कागदाच्या तळाशी ते एकच ओळ लिहायचे, की हे भाषांतर मुळाशी तंतोतंत जुळतं, आणि तिच्यावर गोल शिक्का मारायचे. इतर भाषांतरकार दिवसाला वीस कागद उडवत, शाद्ली सहा करत, पण त्यांचा कागद कधी कचेरीतून परत आला नाही. एका विधवेच्या नावातलं एक अक्षर तिच्या नवऱ्याच्या कागदात वेगळं पडलं होतं, तर त्यांनी तीन महिने त्या अक्षराचा पिच्छा पुरवला होता. बाई कंटाळून म्हणाली, जाऊ द्या ना हो, मी कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाद्ली म्हणाले, कागदाला ठाऊक नाही. हे बोलणं त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते घरी येऊन दलेंदाला सांगितलं, आणि पुढेही पाहुण्यांना सांगत राहिले. माणूस स्वतःच्या बोलण्यावर भाळला की त्याला आवरणं कठीण.

दवाखान्यातून निघून पाय घराकडे वळायला हवे होते, ते वळले न्यायालयाच्या गल्लीकडे. पाटी होती तिथे आता मोबाइलची आवरणं टांगली होती. ते थोडा वेळ उभे राहिले. दलेंदा डोंगराकडची, केफची. तिच्या बोलण्यात डोंगर होता आणि तो चाळीस वर्षांत गेला नाही. तिकडे, आणि तशी थोडीफार सगळीकडेच, माणसं पोटाला काळीज म्हणतात. कल्ब म्हणजे काळीज, आणि कल्ब म्हणजेच बेंबीच्या वर जे काही ढवळतं, जळतं, कळा मारतं ते सगळं. शहरातले शिकलेले लोक जरा निवडून बोलतात, दलेंदा निवडत नसे. भूक लागली की तिचं काळीज कुरतडायचं, शिळं खाल्लं की काळीज उलटायचं, मासे तळण्याच्या वासाने काळीज वर यायचं, आणि लेक उशिरा घरी आली की तेच काळीज बसायचं. बरगड्यांच्या खालच्या खळग्याला ती काळजाचं तोंड म्हणायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी शाद्लींनी तिला चिडवलं होतं, "तुमच्या गावात माणसाला एकच अवयव देतात काय गं?" ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "पुरतो आम्हाला. तुम्हाला शहरवाल्यांना दहा दिलेत, तरी सारखं काहीतरी दुखतंच." त्या दिवशी दोघं किती हसली होती. पुढे चिडवण्याचं शिकवणं झालं. पाहुण्यांत ती काही बोलली की शाद्ली हळूच दुरुस्त करायचे, म्हणजे तिला पोट म्हणायचंय. तीही मग म्हणायची, हो, पोट. तिला राग यायचा का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच सुचलं नाही.

घराजवळच्या कोपऱ्यावर कॉफीखान्यात हम्मादी पत्ते पिसत बसला होता. हम्मादी पोस्टातून निवृत्त झालेला, आणि पित्ताच्या बाबतीत सगळ्या मोहल्ल्याचा गुरू. शाद्लींच्या हातातली औषधाची पिशवी त्याने लांबूनच हेरली.

"आलात का आमच्या पंथात? बघू कुठली दिलीय. हां, हीच. दहा वर्षं झाली मला. पहिले तीन दिवस काही होणार नाही, डॉक्टरला शिव्या घालाल. चौथ्या दिवशी उठाल तेव्हा वाटेल, हा गळा आपला नव्हेच, कोणी नवा बसवून दिलाय."

"आणि सोडली तर?"

"सोडायची नाही. मी एकदा सोडली होती. बायको म्हणाली, जन्मभर काय गोळ्या खायच्या, बडीशेपेचा काढा घ्या. आठवड्यात अशी आग झाली की आधीची बरी होती म्हणायची वेळ. पोट म्हणालं, इतके दिवस मला गप्प बसवलंस काय, आता घे. पलंगाखाली विटा घातल्या, चार उशा लावल्या, झोपायचो डोक्याकडे आणि उठायचो पायथ्याशी." भोवतालचे हसले. हम्मादीने पत्ते वाटले आणि सहज विचारलं, "दलेंदावहिनींना पण हीच होती ना, शाद्लीसाहेब? मीच तर सांगितलं होतं, धीर धरा म्हणून. पण त्यांना काही लागू पडली नाही."

"नाही पडली."

"काहींना नाही पडत," हम्मादी म्हणाला.

शाद्ली घरी आले. चिठ्ठी, पिशवी, चष्मा, सगळं टेबलावर मांडून बसले, एखादा अवघड कागद आला की बसत तसे. त्यांना तो दवाखाना पुन्हा नीट आठवायचा होता, मनाला फाटे फुटू न देता. मार्च महिना होता. दलेंदाने निळा कोट घातला होता. डॉक्टर वयस्क, नावाजलेले, बाहेर वीस माणसं ताटकळत, आणि दार उघडंच, कारण पुढचा रोगी दारातच उभा. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय बाई? दलेंदा म्हणाली, माझं काळीज जळतं. आणि मूठ ठेवली. हो, मूठच. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "कुठलं काळीज?" त्यांनी विचारलं होतं. हे शाद्लींना आता लख्ख आठवलं आणि घशाशी काहीतरी आंबट येऊन थांबलं. शहाण्या माणसाने विचारावं तेच त्यांनी विचारलं होतं, दलेंदालाच विचारलं होतं, आणि तिने उत्तरासाठी तोंड उघडलंही होतं. शाद्ली मध्ये पडले. फ्रेंचमध्ये पडले. म्हणाले, डॉक्टरसाहेब, आमच्या मंडळींच्या भागात शरीरशास्त्र जरा काटकसरीचं आहे, तिकडे जठरालाही हृदयाचा मान मिळतो. वाक्य छान जमलं होतं. डॉक्टर हसले. दारातला रोगी हसला. डॉक्टर म्हणाले, आपलं फ्रेंच फार सुंदर आहे, कुठे शिकलात? मग दोन मिनिटं शाद्लींच्या शाळेबद्दल बोलणं झालं. त्या दोन मिनिटांत दलेंदाने मूठ उघडली. एकदा तिने नवऱ्याच्या बाहीला हात लावला होता. तेव्हा त्यांना वाटलं, पर्स मागतेय. त्यांनी पर्स दिली.

त्यांनी डोळे मिटून हे दोनतीनदा फिरवून पाहिलं. कुठेतरी एखादा शब्द वेगळा पडेल, डॉक्टर पोट तपासतील, दलेंदा म्हणेल हो हो पोटच, अशी आशा होती. काही बदललं नाही. डॉक्टरांनी तिचं पोट दाबलं, हरीसा खाता का विचारलं, शाद्लींनी सांगितलं की चमच्याने खाते, आणि गोळी लिहून दिली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिली गोळी घेतली. घेऊ नये असं मनात आलं होतं, पण डॉक्टरने लिहिलेलं मोडायची सवय नव्हती. गोळी गिळून ते खिडकीत उभे राहिले. अर्धा तास काही खायचं नाही. हा अर्धा तास त्यांच्या परिचयाचा होता, मात्र तेव्हा ते घड्याळाच्या या बाजूला नव्हते. अकरा महिने दलेंदा रोज सकाळी गोळी घेऊन ओट्याला टेकून उभी राहायची. डब्यातलं माहितीपत्रक फ्रेंचमध्ये होतं, ते शाद्लींनी सगळंच्या सगळं अरबीत उतरवून वहीत सुवाच्य लिहून दिलं होतं, दुष्परिणामांसकट, डोकेदुखी, पोट फुगणं, तोंड कोरडं पडणं. तिला जेमतेम वाचता यायचं, तरी वही तिने ओट्यावर उघडी ठेवली होती. समोर बसीसाची वाटी, भाजलेल्या जवाचं पीठ ऑलिव्हच्या तेलात कालवलेलं, वर थोडी साखर, आणि शाद्लींच्या हातात घड्याळ. ते बिनदिक्कत खात असायचे आणि ती उभी. एकदा वीस मिनिटांतच तिने पावाचा तुकडा तोंडात टाकला, आणि ते ओरडले, "अगं, म्हणून तुला गुण येत नाही. नियम म्हणजे नियम." तिने तो तुकडा तोंडातून काढला. काढून हातात धरला आणि म्हणाली, "येईल हो गुण. तुमच्यासारखं नेमानं केलं तर येईल." एवढ्या मोठ्या बाईने तोंडातला घास काढून हातात धरला, आणि शाद्ली घड्याळ बघत राहिले. खिडकीत उभं राहून हे आठवताना त्यांना आपल्या हातांची किळस आली.

गुण येत नव्हता. ती सांगायचीसुद्धा, पण तक्रार म्हणून नव्हे. जिन्यात थांबायची. बाजाराची टोपली घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत चढली की कठड्याला धरायची आणि म्हणायची, काळीज जळतंय हो, जरा थांबते. टोपली उचलताना वाकलीस ना, शाद्ली समजावायचे, वाकलं की पोट दाबलं जातं आणि आम्ल वर येतं, वहीत तिसऱ्या पानावर आहे बघ. डाव्या खांद्याला रग लागायची, तर रात्री कुशीवर झोपतेस म्हणून. घाम यायचा, तर वयामुळे. प्रत्येक गोष्टीला त्यांच्यापाशी उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर मागच्या उत्तराशी तंतोतंत जुळत होतं. जेवल्यावर मात्र तिला कधी काही होत नसे. मिरची खाऊन होत नसे. हे त्यांनी पाहिलं होतं की नव्हतं? पाहिलं असणार. रोज समोरासमोर बसून जेवत होते.

ती गेली फेब्रुवारीत, सकाळी अकराच्या सुमारास, गच्चीवर कपडे वाळत घालताना. शाद्ली खोलीवर होते, कोणाच्या तरी निकाहाचा कागद चालला होता. शेजारणीने त्यांना फोन केला आणि लेकीला, एस्सियालाही. एस्सिया शाळेत भूगोल शिकवते, तिची शाळा इस्पितळापासून जवळ, ती आधी पोचली. ते पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. दाखल्यावर लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडल्याने. शाद्लींनी असे शेकडो दाखले भाषांतरित केले होते. बुडून मेला, पडून मेला, म्हातारपणाने मेला, शेवटी हीच ओळ येते, कचेरीची ओळ आहे ती. त्यांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. जगात ‘हृदय’ हा एकच शब्द असा होता की जो त्या दिवशी अक्षरशः खरा होता, आणि तो त्यांनी वाचूनही वाचला नाही. लोक भेटायला आले, म्हणाले, देवाची मर्जी, कळलंसुद्धा नसेल तिला. शाद्लींनाही तसंच वाटलं. सहा वर्षं वाटत राहिलं. त्या समजुतीवर त्यांनी दिवस काढले, खोली बंद केली, एकट्याने कॉफी करायला शिकले, आणि रविवारी एस्सिया आली की तिच्या हातचं जेवले.

चौथ्या दिवशी त्यांना जाग आली आणि गळा स्वच्छ होता. आंबट ढेकर नाही, आग नाही, छातीत काही नाही. हम्मादी म्हणाला होता अगदी तसं. ते अंथरुणात बसून राहिले. गोळी लागू पडली होती. चार दिवसांत लागू पडली. त्यांना रडू आलं, आणि आपण बरे झालो म्हणून रडणारा माणूस पहिलाच असेन असंही वाटलं. गोळीत काही खोट नव्हती. नियमात काही खोट नव्हती. तिला अकरा महिन्यांत जे झालं नाही ते त्यांना चार दिवसांत झालं, कारण त्यांचं जे जळत होतं ते पोट होतं. हिशेब इतका सरळ होता की शाळेतल्या मुलाने सोडवावा. त्या दिवशी त्यांनी गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शिक्षा म्हणून का, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं की हा सुखाचा गळा आपल्याला शोभत नाही, जे तिच्याकडे होतं ते आपल्याकडे राहावं, तसं नाही तर निदान त्याच्यासारखं काहीतरी.

आठवड्याभरात आग परत आली, आणि हम्मादीचं म्हणणं खरं ठरलं, आधीची बरी होती. पाणी प्यालं तरी जळायचं. आवाज बसला. बसूनच झोप काढायची, डुलकी लागली की घशाशी कडू येऊन ठसका लागायचा. सुरुवातीला त्यांना त्यात समाधान वाटलं. मग एका दुपारी छातीवर हात दाबून बसले असताना त्यांच्या लक्षात आलं की हे सगळं खोटं आहे. हे पित्त आहे. हे कितीही पेटलं तरी तिच्या दुखण्याशी याचा संबंध नाही, तिला काय होत होतं ते यातून कळणार नाही. या वेळीही ते आपल्याच भाषेत बोलत होते, आणि तिचं म्हणून खपवत होते.

रविवारी एस्सिया आली. चाळिशीची बाई, आईसारखीच रुंद हातांची, वडिलांसारखी नेमकी. तिने भाज्यांची पिशवी ठेवली आणि वडिलांचा आवाज ऐकून थबकली.

"हा काय आवाज झालाय, बाबा? गोळ्या घेताय ना?"

"घेतो."

तिने फ्रिजवरची पट्टी उचलून पाहिली. "तीनच गेल्यात यातल्या. मला काय लहान समजता? डॉक्टरकडून येऊन तीन आठवडे झाले."

"बस जरा," शाद्ली म्हणाले.

"बसते, पण आधी गोळी घ्या. नंतर मग अर्धा तास जेवता येणार नाही, मी कुसकुस चढवते तोवर."

"एस्सिया. बस."

ती बसली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, हातात पट्टी तशीच. शाद्लींनी हे वाक्य दहा दिवस तयार केलं होतं, फ्रेंचमध्ये, अरबीत, कागदी भाषेत. आता त्यातलं काही उपयोगी नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, आणि ती साधीच होती. जगात त्यांचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, ते रविवारी येत होतं. हे ऐकून ते पुढच्या रविवारी आलं नाही तर कोणत्या तोंडाने बोलवायचं? न सांगता मरता आलं असतं. कोणाला कळलं नसतं, कारण कागदाला ठाऊक नव्हतं.

"तुझ्या आईला पित्त नव्हतं," ते म्हणाले. "तिने डॉक्टरला काळीज सांगितलं. डॉक्टरने विचारलं, कुठलं. मी म्हणालो, पोट. तिला बोलू दिलं नाही. मी विनोद केला, फ्रेंचमध्ये, आणि सगळे हसले. तिचं काळीजच दुखत होतं, एस्सिया. ती बरोबर बोलत होती. मी चुकीचं सांगितलं."

एस्सियाने पट्टी टेबलावर ठेवली. खाली रस्त्यावर कोणी टरबूजवाला ओरडत पुढे गेला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

शाद्लींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"त्या दिवशी इस्पितळातल्या डॉक्टरने मला विचारलं. तुम्ही यायच्या आधी. म्हणाला, किती दिवस छातीत दुखत होतं? मी म्हटलं, छातीत नाही, पित्त होतं, गोळी चालू होती. तो माझ्याकडे बघत राहिला, बाबा. मग म्हणाला, हे एका दिवसाचं नाहीये. मी काय समजायचं ते समजले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तुम्ही दारातून आलात ते तिची चप्पल हातात घेऊन आलात. कुठून आणलीत, कशाला आणलीत, तुम्हालाच माहीत नव्हतं." तिने टेबलावरची पट्टी उलटी केली. "पहिलं वर्ष मी येत नव्हते, आठवतं? शाळेत परीक्षा आहेत म्हणायचे. परीक्षा कसल्या वर्षभर. तुमच्या समोर बसवत नव्हतं. तुम्ही बोलायला लागलात की मला उठून जावंसं वाटायचं. मग हळूहळू यायला लागले. म्हटलं, यांना कळू नये एवढंच आता आपल्या हातात आहे."

शाद्लींनी मान खाली घातली. पाच वर्षं ही पोर दर रविवारी जेवण रांधून समोर वाढत होती, आणि हे पोटात ठेवून वाढत होती. त्यांना तिची माफी मागायची होती, पण जी बाई माफ करू शकली असती ती वेगळीच होती.

"तिला कळलं होतं का?" त्यांनी विचारलं. "की मी चुकलो."

"नका विचारू."

"सांग."

"बाबा, कशाला?"

"मला ते पाहिजे. जसं असेल तसं."

एस्सियाने तोंडावरून हात फिरवला. बोलू लागली तेव्हा तिच्या तोंडून डोंगराकडचे हेल आपोआप आले. ती आईचं बोलणं सांगताना नेहमी असंच बोलायची, पूर्वी दोघंही त्यावर हसत.

"जाण्याच्या महिनाभर आधी तिचा फोन आला होता. म्हणाली, पोट नाही गं हे. मला माझं पोट कळत नाही होय? मी म्हटलं, मग सांग ना बाबांना, दुसऱ्या डॉक्टरकडे जा. तर म्हणाली, आता कसं सांगू? ते डॉक्टरसाहेबांशी किती छान बोलले. बाहेरची माणसंसुद्धा ऐकत होती. मी आता नाही म्हटलं तर त्यांची शोभा होईल."

शाद्लींनी ऐकलं. एकेक शब्द ऐकला.

"मी म्हटलं, होऊ दे शोभा," एस्सिया म्हणाली. आता ती रडत होती, पण आवाज तिने सरळ ठेवला होता. "मी म्हटलं, मी येते रविवारी, मी नेते तुला. मग त्या रविवारी मला जमलं नाही. पुढच्या रविवारी ती म्हणाली, आता बरं आहे. आणि मी मानलं, बाबा. मलाही तेच सोयीचं होतं."

शाद्लींनी टेबलावरून हात पुढे केला. एस्सियाने तो धरला नाही, आणि उठून गेलीही नाही. दोघं तशीच समोरासमोर बसली. कुसकुस चढवायची राहून गेली होती.